आरामखुर्चीवर सर्वसहमती

खासगी मालमत्ता हा मानवी संस्कृतीचा पाया आहे आणि तो डळमळला तर माणूस पुन्हा झाडावर जाऊन बसेल, असं सेक्रेटरींचं दीर्घ चिंतनातून बनलेलं ठाम मत होतं. हे दीर्घ चिंतन मंगळवारी संध्याकाळी सुरू झालं. त्याआधी या विषयावर त्यांचं काहीच मत नव्हतं, कारण त्याआधी त्यांची आरामखुर्ची जागेवर होती.

सेक्रेटरी म्हणजे कुठल्या मंत्र्याचे नव्हेत. मोजक्या बिऱ्हाडांच्या एका इमारतीचे. पोटापाण्यासाठी ते एका विमा कंपनीच्या दावे विभागात होते. लोकांचे दावे का मंजूर होऊ शकत नाहीत हे त्यांना वाईट वाटणार नाही अशा भाषेत कळवणं, हे तिथलं त्यांचं काम. पण जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी सगळे त्यांना सेक्रेटरीच म्हणत. रागावली की बायकोही म्हणे.

इमारतीसमोर चौक होता आणि चौकापलीकडे एका बँकेचं काचेचं मुख्यालय. त्या काचेला तोंड करून भांडवलशाहीविरोधी लोक तंबू ठोकून बसले होते. 'नफा तुमचा, तोटा आमचा' असा एक फलक सुरुवातीला लाल होता. तो आता गुलाबी झाला होता, इतके दिवस ते तिथं होते. भांडवलशाही अजून पडली नव्हती, पण चौकातलं एक कारंजं बंद पडलं होतं.

इमारतीत या लोकांविषयी एकमत होतं, फक्त ते कशावर होतं हे कुणाला नीट सांगता येत नसे. तळमजल्यावरचे कर्नल रोज सकाळी दुर्बीण लावून त्यांची पाहणी करत. कर्नल सैन्यात होते हे खरं, पण बुटांच्या कोठारावर. त्यामुळे शत्रूकडे पाहताना त्यांची नजर आधी पायांकडे जाई. "अजून झोपलेत," ते जाहीर करत. "आणि चपला बघा कशा टाकल्यात. हे क्रांती करणार." हे ते पायजम्यात, दुसरा चहा पिता पिता म्हणत. या लोकांना कुठून तरी पैसे मिळतात याबद्दलही त्यांची खात्री होती. नुसतं बसायचे पैसे कोण देतं, याची चौकशी आपणही करावी, असं सेक्रेटरींना महिनाअखेरीस अनेकदा वाटून गेलं होतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टबाई मात्र सहानुभूतीनं बोलत.

"मुद्दा त्यांचा अगदी बरोबर आहे हो. फक्त जागा चुकली."

"मग बरोबर जागा कुठली?"

"कुठलीही. जिथून आपल्याला दिसणार नाहीत अशी."

'चौक मोकळा करण्यात यावा' हे निवेदन सेक्रेटरींनीच लिहिलं होतं, सगळ्या इमारतीच्या सह्यांसकट. दावे विभागातल्या सवयीनं त्याची भाषा इतकी मऊ झाली की नगरपालिकेनं ते आधी अभिनंदनपत्र म्हणून दाखल करून घेतलं. दुसऱ्यांदा पाठवलं तेव्हा कुठं हालचाल सुरू झाली.

अशा वातावरणात ती खुर्ची गेली.

वेताची आरामखुर्ची. सासऱ्यांनी लग्नात दिलेली. बैठकीचा वेत खचून तिला मध्यभागी खड्डा पडला होता आणि त्या खड्ड्यात सेक्रेटरींची पाठ गेली होती. येत्या रविवारी सासरे राहायला यायचे होते. सासरे आले की बूटही न काढता आधी त्या खुर्चीत बसत, तिच्या दोन्ही हातांवर हात आपटत आणि "अजून आहे," म्हणत. तोवर घरात कुणी श्वास सोडत नसे. म्हणून बायकोनं वेतवाल्याला बोलावलं. मंगळवारी दुपारी येऊन नेतो, म्हणाला. सेक्रेटरी ऑफिसला जाताना खुर्ची खाली फाटकाशी ठेवून गेले. संध्याकाळी परत आले तर फाटक होतं, खुर्ची नव्हती.

वेतवाला फोन उचलत नव्हता. पण तो तर कधीच उचलत नसे. तो सांगितलेल्या दिवशी येऊन गेला असेल ही शक्यता कुणाच्याच डोक्यात आली नाही. शहाण्या माणसाच्या ती यायलाही नको.

"चोरी," कर्नल म्हणाले. "आणि चोर समोर बसलेत. जा आणि आणा."

"तुम्ही चला की."

"मी मागून लक्ष ठेवतो," कर्नल म्हणाले आणि दुर्बीण पुसायला लागले.

बायको एवढंच म्हणाली, "बाबा आले आणि खुर्ची नसली, तर मी त्यांना काय सांगू ते लिहून द्या. तुम्हाला सभ्य भाषेत छान जमतं."

सेक्रेटरी आधी चौकीत गेले. हवालदारानं विचारलं, "बिल?"

"लग्नात मिळालीय."

"मग लग्नाचा दाखला आणा."

"त्यात खुर्चीचा उल्लेख नाही."

"मग त्यानं लग्न झालंय एवढंच सिद्ध होईल," हवालदार म्हणाला. "आणि साहेब, समोर त्या औषधांच्या तंबूत एक आरामखुर्ची आहे खरी. बंदोबस्ताच्या ड्यूटीला आम्ही पाळीपाळीनं बसतो. चांगली आहे. सावकाश न्या."

ऑफिसात साहेबांना सांगितलं, तर त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "रस्त्यावर, विनादेखरेख," ते म्हणाले. "निष्काळजीपणा. मी तर नामंजूरच करेन." आयुष्यभर लोकांना पाठवलेलं वाक्य स्वतःला ऐकू आलं की कसं वाटतं, हे सेक्रेटरींना त्या दिवशी कळलं. वाईट वाटणार नाही अशा भाषेतलं वाक्य ऐकून चांगलंच वाईट वाटतं.

शेवटी बुधवारी ते चौक ओलांडून गेले. औषधांच्या तंबूत खुर्ची होती. तीच रुंद हातांची, तपकिरी, उजव्या हातावर कपाच्या बुडाचं वर्तुळ. खड्ड्याच्या जागी कुणीतरी सुतळीनं घट्ट, सुंदर वीण घातली होती. हे पाहून त्यांचा संताप दुप्पट झाला. जे काम घरात दोन वर्षं झालं नाही, ते चोरांनी एका दिवसात केलं होतं.

"ही माझी खुर्ची आहे," सेक्रेटरी म्हणाले.

तिथं गळ्यात शिट्टी अडकवलेली एक बाई पट्ट्या मोजत होती. तिनं वर न पाहता विचारलं, "माझी म्हणजे?"

हा प्रश्न सेक्रेटरींना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. "माझी म्हणजे... माझ्या सासऱ्यांची."

"म्हणजे तुमची नाही."

"त्यांनी मला दिली."

"तुम्हाला गरज होती म्हणून?"

"नाही. लग्न होतं म्हणून."

बाईनं समजावून सांगितलं. इथं वस्तू कुणाचीच नसते. ज्याला गरज, त्याची. शिवाय इथं कुणी नेता नाही, त्यामुळे कुणी खुर्ची देऊही शकत नाही. ती परत द्यायची तर संध्याकाळच्या सभेत ठराव आणायचा आणि सर्वसहमती घ्यायची.

"मला गरज आहे," सेक्रेटरी कळवळून म्हणाले. "माझी पाठ गेलीय."

"मग बसा की."

ते बसले. रागानं बसले, निषेध म्हणून बसले, पण बसले. आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या पाठीनं हूं की चूं केलं नाही. समोरच्या खिडकीत कर्नलांची दुर्बीण चकाकली, तेव्हा त्यांना उठायचं सुचलं.

संध्याकाळची सभा म्हणजे सेक्रेटरींच्या भावनांवर थेट आघात होता. अध्यक्ष नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त नाही. कुणाला पटलं की तो दोन्ही हात वर करून बोटं नाचवी, जणू ओली नखं वाळवतोय. कुणाला अजिबात मान्य नसलं की तो छातीवर दोन्ही हातांची फुली करी. आणि एकानं फुली केली की ठराव तिथंच खलास. ज्यानं फुली केली त्यानंच ती सोडली तर पुढे. सभेत बसलेल्या कुणालाही हा अधिकार होता. आपल्या इमारतीत हा नियम असता तर अजून पायाही खणून झाला नसता, असं सेक्रेटरींच्या मनात आलं.

खुर्चीचा विषय सर्वांत शेवटी होता. तो निघाला तेव्हा बरीच बोटं नाचली. मग मागून एका दाढीवाल्यानं उभं राहून छातीवर फुली केली.

"माझा वैयक्तिक राग नाही," दाढीवाला म्हणाला. "पण आज खुर्ची दिली, तर आपण मालकी मान्य केली. मग बँकेनं काय वाईट केलं?"

"मी बँक नाही हो," सेक्रेटरी म्हणाले. "माझं त्यांच्याकडे कर्ज आहे."

यावर खूप बोटं नाचली. पण फुली तशीच राहिली.

गुरुवारीही तेच. खुर्ची शेवटी, दाढी मागे, फुली मध्ये. मधल्या काळात सेक्रेटरींना राहवेना म्हणून त्यांनी विषयांचा क्रम लावून दिला, बोलणाऱ्यांची रांग केली आणि एका वक्त्याला "मुद्द्यावर या" असं म्हणाले. लोकांना हे फार आवडलं. शिट्टीवाली म्हणाली, "तुम्ही याआधी कुठल्या चळवळीत होतात?"

"गृहनिर्माण," सेक्रेटरी म्हणाले.

"अरे वा," ती आदरानं म्हणाली.

घरी बायको विचारी, "आणली?" आणि ते म्हणत, "विचाराधीन आहे." जिन्यात डेंटिस्टबाई हळूच विचारत, "आत कसं आहे हो? बाथरूमचं काय करतात?" कर्नल रोज म्हणत, "शत्रूच्या गोटात शिरलात, शाबास," आणि मग, "सूप देतात म्हणे. कसलं असतं?"

शुक्रवारी सगळं फिरलं. शिट्टीवालीनं सभेत पहिलाच विषय मांडला. नगरपालिकेनं तडजोड सुचवली होती: उद्या सकाळी चौक मोकळा करा, मागण्यांवर सुनावणी ठेवतो. सगळे थकले होते. सामान, म्हणजे तंबू, भांडी, सतरंज्या, खुर्च्या, सगळं ट्रकमध्ये भरून दुसऱ्या शहरातल्या अशाच एका आंदोलनाला पाठवायचं होतं. ट्रक सकाळी येणार होता.

सेक्रेटरींनी लिहिलेलं निवेदन, सगळ्या इमारतीच्या सह्या, कर्नलांची दुर्बीण, सगळ्याचं चीज होत होतं. चौकभर बोटं नाचू लागली, अगदी दाढीवाल्याचीसुद्धा. सेक्रेटरींना डोळ्यांसमोर ट्रक दिसला, ट्रकमध्ये पाय वर करून पडलेली खुर्ची दिसली, आणि रविवारी बूट न काढता दिवाणखान्याच्या मधोमध उभे असलेले सासरे दिसले.

त्यांनी छातीवर फुली केली.

नाचणारी बोटं हवेतच थांबली. बंदोबस्ताचा हवालदारही खुर्चीत सावरून बसला.

"का?" शिट्टीवालीनं विचारलं.

सेक्रेटरी उभे राहिले. खुर्चीचं नाव घ्यायची त्यांना लाज वाटली. इतक्या मोठ्या विषयापुढे एका खुर्चीसाठी अडून बसणं बरं दिसलं नसतं. म्हणून ते सभ्य भाषेत बोलले.

"कुणीतरी वरून सांगतं, उद्या सकाळी निघा. आणि जे आपलं आहे ते आपण निमूटपणे ट्रकमध्ये भरून द्यायचं? कुठं जाणार, कोण वापरणार, काही माहीत नाही. माझं आयुष्य लोकांना 'नाही' कळवण्यात गेलं. आज मला स्वतःसाठी 'नाही' म्हणायचंय. जे जिथलं आहे, ते तिथंच परत गेलं पाहिजे. तोवर मी कुठलाही ट्रक हलू देणार नाही."

 मग एक हात वर गेला, मग दुसरा, आणि मग बोटांचं रान उठलं. ज्यांची निघायला बोटं नाचली होती, त्यांचीच न निघायला नाचायला लागली. एका आजीबाईंनी डोळे पुसले. दाढीवाला गर्दीतून वाट काढत आला, त्यानं सेक्रेटरींना मिठी मारली आणि म्हणाला, "मी तुम्हाला ओळखलं नाही. खुर्चीवरची फुली मी सोडतो. असा माणूस ती मालक म्हणून मागूच शकत नाही."

खुर्ची देण्याचा ठराव तिथल्या तिथं मंजूर झाला. पण आता चौक सोडण्याच्या ठरावावरची आपली फुली लगेच सोडली तर फारच वाईट दिसलं असतं. ती दोन दिवसांनी हळूच सोडू, असं सेक्रेटरींनी ठरवलं आणि खुर्ची डोक्यावर घेऊन ते निघाले. कुणीतरी फोटो काढला.

तो शनिवारच्या वर्तमानपत्रात आला. 'पांढरपेशा उठला' असा मथळा होता. खाली सेक्रेटरी, डोक्यावर खुर्ची, चेहऱ्यावर पाठीची कळ. वर्तमानपत्रानं तिचं वर्णन 'वर्गीय संताप' असं केलं होतं.

साहेबांचा सुटीच्या दिवशी फोन आला. ती बँक कंपनीची सर्वांत मोठी ग्राहक होती. "तुम्ही भांडवलशाहीच्या विरोधात आहात का?" साहेबांनी विचारलं. "नुसतं हो किंवा नाही सांगा."

"मी फक्त माझी खुर्ची आणायला गेलो होतो, साहेब."

 "हे मी वर कसं सांगू?" साहेब म्हणाले. "त्यापेक्षा विरोधात आहात असंच सांगतो. ते निदान समजेल."

इमारतीनं तातडीची सभा बोलावली आणि ती गच्चीवर भरली. तंबूवाल्यांना हाकलण्यासाठी नेमलेल्या माणसानंच त्यांना ठेवून घेतलं, यावर लोक काय बोलणार? तरी बरंच बोलले.

"विश्वासघात," कर्नल म्हणाले. "सैन्यात याला काय शिक्षा असते, माहीत आहे?"

"काय असते?"

"ते माझ्या खात्यात नव्हतं. पण असते."

डेंटिस्टबाई म्हणाल्या, "फोटो मात्र छान आलाय. उंच दिसताय." सेक्रेटरींनी राजीनामा पुढे केला. त्यांच्या जागी कोण, असा प्रश्न निघाल्यावर मात्र सगळे एकदम पाण्याच्या टाकीकडे बघायला लागले. राजीनामा एकमतानं फेटाळण्यात आला आणि उद्याच्या उद्या फुली सोडून या, असं त्यांना बजावण्यात आलं.

रविवारी सासरे आले. उभी हयात त्यांनी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात काढली होती. कुठल्याही दुकानदारानं "या, बसा" म्हटलं की ते आधी त्याच्या तराजूकडे बघत. ते बूट न काढता आत आले, खुर्चीत बसले, हातांवर हात आपटले आणि काहीच म्हणाले नाहीत.

घरात कुणी श्वास सोडला नाही.

"ही आपली नव्हे," सासरे म्हणाले.

"बाबा, तुमचीच आहे," सेक्रेटरी म्हणाले. "हे बघा, उजव्या हातावर कपाचं वर्तुळ."

"आपलं डाव्या हातावर आहे. मी डावखुरा. मीच पाडलंय ते." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तू रागावशील म्हणून जावईबापूंनी पाडलं असं सांगितलं होतं. पण बसायला मात्र आपल्या खुर्चीपेक्षा बरी आहे हो ही."

नवऱ्याला त्या वर्तुळाबद्दल इतकी वर्षं सुनावलेलं सगळं बायकोच्या चेहऱ्यावरून भराभर सरकत गेलं. ती काही बोलणार, तेवढ्यात घंटा वाजली. दारात वेतवाला होता, खांद्यावर सासऱ्यांची आरामखुर्ची, डाव्या हातावर वर्तुळ.

"मंगळवारीच नेली की," तो म्हणाला. "सांगितल्याप्रमाणे." त्याच्या आवाजात थोडा दुखावल्याचा सूर होता.

त्याच्या मागोमाग कर्नल डोकावले. दिवाणखान्यात दोन खुर्च्या पाहून ते थबकले, चष्मा चढवून सुतळीच्या विणीच्या खुर्चीभोवती एक चक्कर मारून आले. "ही तर माझी," ते म्हणाले. "मागं मी टाकून दिलेली. वेत तुटला होता, पाठीला भयंकर."

"आता भयंकर नाही," सेक्रेटरी म्हणाले. "माझी पाठ हिनंच बरी झाली."

कर्नल बसून बघायला वाकले, पण सासरे उठले नाहीत. "टाकून दिली म्हणालात ना?" सासऱ्यांनी खात्यातल्या आवाजात विचारलं. "मग मोजमाप संपलं. जिथून आणली तिथं परत जाईल."

म्हणून संध्याकाळी वरात निघाली. पुढे खुर्ची घेतलेले सेक्रेटरी, मागे सासरे, त्यांच्या मागे, "मी फक्त बघायला येतोय," असं प्रत्येक पायरीवर सांगणारे कर्नल. सेक्रेटरींनी सभेत खुर्ची ठेवली, ती चुकून नेल्याचं कबूल केलं, आणि घसा खाकरून म्हणाले, "आणि चौक सोडण्याच्या ठरावावरची माझी फुली मी मागे घेतो."

लोक हिरमुसले, पण नियम म्हणजे नियम. शिट्टीवालीनं विचारलं, "मग निघायला सर्वांची संमती आहे?" बोटं संथपणे वर जाऊ लागली.

सासरे एव्हाना खुर्चीत बसले होते. कुणीतरी त्यांच्या हातात सूप दिलं होतं. समोर काचेच्या बँकेकडे ते दुकानदाराच्या तराजूकडे बघावं तसं बघत होते. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि छातीवर दोन्ही हातांची फुली केली.

"बाबा," सेक्रेटरी कुजबुजले, "हे काय?"

"यांच्या मापात कुठं तरी खोट आहे," सासरे बँकेकडे बोट दाखवत म्हणाले. "तपासल्याशिवाय मी उठत नाही. तुम्ही घरी जा, जावईबापू. मुलीला सांगा, जेवायला येईन."

ते अजून फक्त जेवायला येतात. कर्नलही रोज संध्याकाळी चौकात जातात, कारण त्यांनी खुर्ची परत मागितली आहे आणि तो विषय शेवटी असतो; त्यावर खुर्चीत बसल्याबसल्या फुली कोण करतं हे सांगायला नको. तोवर ते चपला ओळीनं लावून देतात. इमारतीचं निवेदन नगरपालिकेनं पुन्हा अभिनंदनपत्र धरून निकाली काढलं आणि सेक्रेटरींना आभाराचं पत्र पाठवलं आहे.

लग्नातली आरामखुर्ची दिवाणखान्यात जागेवर आहे. नव्या वेताची वीण बसणाऱ्याला टोचते, म्हणून तिच्यावर सध्या इस्त्रीचे कपडे ठेवतात.